पाचवीच्या पायरीवर थांबणारे मराठी वाचन

गोव्यातील जुन्या घरात मराठी पुस्तके सहसा एका कपाटात एकत्र सापडत नाहीत. देवघराशेजारी लाल फडक्यात बांधलेली 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप'ची पोथी असते. माजघरातल्या काचेच्या कपाटात 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाती' आणि मागल्या चार-पाच वर्षांचे दिवाळी अंक असतात. जत्रेच्या नाटकाची तालीम चालू असेल, तर घरातल्या तरुणाच्या खिशात त्याची नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेच्या संवादांची घडी घातलेली पाने असतात. आणि शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याचे दप्तर असते. दप्तर चौथीपर्यंतच्या मुलाचे असेल, तर त्यात मराठी पुस्तके मिळतात. पाचवीच्या पुढचे असेल, तर इंग्रजी पुस्तकांच्या गठ्ठ्यात मराठीचे एकच पाठ्यपुस्तक निघते.

या घरात सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मराठी मजकूर आहे, चाळिशीतल्या माणसासाठी आहे, साठीच्या पुढच्यांसाठी तर भरपूर आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलाने उचलावे असे पुस्तक मात्र बहुधा सापडत नाही. गोव्यातले लोक आज मराठीत काय वाचतात, या प्रश्नाचे उत्तर या रिकाम्या जागेपासूनच द्यावे लागते.

ही जागा रिकामी राहण्याचे एक कारण शाळेच्या रचनेत आहे. मुक्तीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा उघडल्या, आणि त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. आजही सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम मुख्यत्वे मराठीच आहे. १९९० मध्ये शासनाने मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदानाची दारे खुली झाली, आणि त्यावरून उठलेले वादळ गोमंतकीय वाचक विसरलेला नसेल. या वादात दोन्ही बाजूंनी पहिली ते चौथीविषयी पुष्कळ बोलले गेले. पाचवीपासून बहुतेक सर्व विद्यालयांचे माध्यम इंग्रजी होते, आणि काल-परवापर्यंत गणितापासून परिसरापर्यंत सारे मराठीत वाचणारे मूल एकाएकी मराठीला 'एक विषय' म्हणून भेटू लागते. या वळणाविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले गेले. शेजारच्या बेळगावात मराठी माध्यमाची शाळा अनेक अडचणींतूनही दहावीपर्यंत जाते. तिथला मुलगा इतिहास-भूगोलही मराठीतून वाचतो. गोव्यात तो धागा दहाव्या वर्षी तुटतो.

हे वय का महत्त्वाचे, हे समजण्यासाठी लिपीकडे पाहावे लागेल. देवनागरीची बाराखडी एका व्यंजनाची बारा रूपे देते. चौतीस व्यंजने धरली, तर चारशेहून अधिक आकार झाले, आणि यात अजून एकही जोडाक्षर आलेले नाही. एकट्या 'र'चेच पाहा. 'सूर्य'मध्ये तो डोक्यावर बसतो, 'चक्र'मध्ये पायाशी तिरका होतो, 'राष्ट्र'मध्ये खाली वेगळेच चिन्ह घेतो, आणि 'दऱ्या'मध्ये आणखी निराळा दिसतो. पहिली-दुसरीचे मूल हे आकार ओळखण्यात गुंतलेले असते. त्याची सारी शक्ती अक्षरावर खर्च होते आणि वाक्य संपेपर्यंत वाक्याची सुरुवात निसटून जाते. हा ताण हळूहळू उतरतो. तिसरी-चौथीच्या सुमारास शब्द अक्षराअक्षराने न जुळवता एका नजरेत ओळखू येऊ लागतो, आणि तेव्हा कुठे वाचताना अर्थाकडे, गमतीकडे, पुढे काय होणार याकडे लक्ष देता येते. अमेरिकी संशोधक जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाच्या पायऱ्यांची जी मांडणी केली, तिचा गाभाही हाच आहे. आठ-नऊ वर्षांपर्यंत मूल वाचायला शिकते, त्यानंतर ते वाचून शिकू लागते.

म्हणजे मराठी वाचन सोपे होण्याची वेळ आणि शाळेतली मराठी आटण्याची वेळ गोव्यात एकच पडते. चार वर्षे खपून जे कौशल्य हाती आले, ते पक्के करण्यासाठी पुढची दोन-तीन वर्षे भरपूर वाचन व्हायला हवे असते. नेमके तेव्हाच ते आठवड्याच्या मोजक्या तासिकांवर येते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. इथले बहुसंख्य मूल मराठी वाचते, पण घरी कोकणी बोलते. पुस्तकात नदी असते, घरी न्हंय. पुस्तकात पाणी आणि मासे, तर घरी उदक आणि नुस्तें. पुस्तकातले मूल घरी भुरगें होते. दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत, की मुलाला अर्थ लागतो. पण वाचनाची भाषा बोलण्याच्या भाषेहून किंचित वेगळी असल्याने, ती केवळ कानावर पडून टिकत नाही. पुण्या-नाशिकच्या मुलाने पाचवीनंतर एकही मराठी पुस्तक उघडले नाही, तरी त्याची मराठी रोजच्या बोलण्यात जिवंत राहते. गोव्यातल्या मुलाची वाचनाची मराठी वाचनावाचून जगण्याचा दुसरा मार्ग फारसा नसतो. मराठी-कोकणी वादात या साध्या गोष्टीकडे दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष झाले आहे. कारण कोकणी वाचणाऱ्या मुलाचीही पाचवीनंतरची अवस्था यापेक्षा फार निराळी नाही.

मग पाचवी ते दहावीत शाळेसाठी काय वाचले जाते? पाठ्यपुस्तक. त्यात कविता असतात, कथा असतात, एखाद्या कादंबरीचा किंवा आत्मचरित्राचा उतारा असतो. पाठ्यपुस्तकांची निवड वाईट असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण उताऱ्यात आहे. उतारा ही मुळात चव असते. ती आवडली तर मुलाने मूळ पुस्तक मागावे, अशी अपेक्षा असते. परंतु उतारा संपताच प्रश्नोत्तरे सुरू होतात, रिकाम्या जागा भरल्या जातात, गाईडमधली उत्तरे वहीत उतरतात, आणि ज्या पुस्तकातून उतारा घेतला ते पुस्तक वर्गात येतच नाही. वर्षानुवर्षे अशीच चव घेत राहिलेल्या मुलाची मराठी पुस्तक म्हणजे परीक्षेची वस्तू, अशी समजूत झाली तर त्यात त्याचा दोष नाही.

आनंदासाठी ही मुले वाचत नाहीत, असेही नाही. पणजी-मडगावच्या पुस्तकांच्या दुकानांत मुलांचा विभाग पाहिला, की काय चालते ते दिसते. 'डायरी ऑफ अ विम्पी किड', 'जेरोनिमो स्टिल्टन', 'हॅरी पॉटर'. यांपैकी पहिल्या मालिकेचे पहिले पुस्तक २००७ मध्ये आले आणि तिचे भाग अजून येत आहेत. अक्षर मोठे, ओळींमध्ये मोकळी जागा, पानोपानी चित्र, प्रकरणे छोटी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालिका. एक पुस्तक संपले, की पुढचे काय वाचायचे हा प्रश्नच उरत नाही. त्याच माणसांच्या ओळखीच्या जगात मूल पुन्हा शिरते, आणि दहा-बारा पुस्तके वाचून होईपर्यंत त्याचे वाचन आपोआप वेगवान झालेले असते. इंग्रजी कच्ची असलेली मुलेही अशा पुस्तकांतून इंग्रजी वाचायला शिकतात.

मराठीत हे कधी नव्हतेच असे नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, ना. धों. ताम्हणकरांचा गोट्या, पुढे दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे हे याच जातीचे नायक. फास्टर फेणेची पुस्तके मालिकेनेच वाचली गेली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या गोमंतकीय वाचकाला विचारले, तर तो 'चांदोबा' आणि फास्टर फेणे यांचीच नावे आधी घेईल. मात्र बनेश फेणे फुरसुंगीचा आणि त्याची शाळा पुण्याची. गोट्याचे जगही गोव्याबाहेरचे. या पुस्तकांत खाजन नाही, कुळागर नाही, फेरीबोट नाही, फेस्त नाही, शिगमा नाही. मुलाने परक्या जगाविषयी वाचू नये असे कोणी म्हणणार नाही, विम्पी किड तरी कुठे गोव्याचा आहे. पण हातात पडलेल्या मराठी पुस्तकांपैकी एकात तरी आपल्या वाड्यासारखा वाडा भेटावा, एवढी इच्छा रास्त आहे. बा. भ. बोरकर, लक्ष्मणराव सरदेसाई, महादेवशास्त्री जोशी यांनी गोव्याची माती मराठीत आणली. महादेवशास्त्रींच्या कथांवर तर 'कन्यादान' आणि 'मानिनी'सारखे चित्रपट निघाले. हे लेखन मुख्यतः प्रौढांसाठी आहे. गोव्यातल्या बारा वर्षांच्या मुलासाठी गोव्यातली मराठी मालिका ही जागा अजून कोणीतरी भरायची आहे.

भूगोलाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात जवळचे पुस्तक म्हणजे, गंमत अशी की, सर्वांत जुने. 'श्यामची आई' १९३५ चे. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले, पण त्यातले गाव रत्नागिरी जिल्ह्यातले पालगड. तिथली झाडे, पाऊस, घराची रचना, गरिबीतला सोवळेपणा हे सारे डिचोली-पेडण्याच्या मुलाला पुण्याच्या मुलापेक्षा लवकर कळते. हे पुस्तक सर्वत्र आणि स्वस्तात का मिळते, याचेही कारण आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे २०११ पासून कोणीही प्रकाशक 'श्यामची आई' छापू शकतो. कागद आणि छपाई कशीही असली तरी पुस्तक परवडते. त्याचा तोटा असा, की बक्षीस समारंभात मुलांना वाटायला म्हणून हेच एक पुस्तक पुन्हा पुन्हा घेतले जाते, आणि एकाच घरात त्याच्या तीन-तीन प्रती साचतात.

नव्या पुस्तकांची उणीव मात्र समजली जाते तेवढी नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके लहान मुलांच्या रोजच्या जगण्यातून आलेली आहेत, आणि त्यांनी संपादित केलेली 'वाचू आनंदे' ही मालिका मराठी साहित्यातले उत्तम तुकडे मुलांसमोर प्रश्नोत्तरांच्या शिक्षेविना ठेवते. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ मध्ये सुरू झाले. त्यावरच्या मराठी आणि कोकणी गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या आहेत आणि त्या छापून वाटण्याचीही मुभा आहे. घरी कोकणी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलासाठी तर एकच गोष्ट दोन्ही भाषांत शेजारी ठेवून वाचण्याची ही सोय मोलाची आहे. सामग्री आहे, ती मुलाच्या हातापर्यंत नेणारी साखळी अपुरी आहे.

साखळीतला पहिला दुवा ग्रंथालय. याबाबतीत गोव्याचा वारसा मोठा आहे. पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये स्थापन झाले, आणि आज ज्यांचे नाव ते मिरवते त्या कृष्णदास शामा यांनी १५२६ मध्ये 'श्रीकृष्णचरित्रकथा' मराठीत रचायला घेतली होती. १९९३ मध्ये गोव्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा स्वतंत्र कायदा केला. पाटोवरच्या आधुनिक इमारतीत जाऊ शकणाऱ्या मुलाची सोय उत्तम आहे. पण सत्तरीतल्या वाड्यावरून पाटोला जाणे म्हणजे दिवसाचे काम. गावच्या वाचनालयात सकाळी वर्तमानपत्रे वाचायला ज्येष्ठ नागरिक येतात, आणि त्या वेळी मुले शाळेत असतात. शाळेत पुस्तके असतात, पण ती कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुस्तक नोंदवहीत चढले, की ते हरवल्यास किंवा फाटल्यास जबाब शिक्षकालाच द्यावा लागतो. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा मानला जाईल, अशी तरतूद नोंदवहीत नसते.

यात आता नवी भर पडली आहे. पटसंख्या घटल्यामुळे खेड्यांतल्या मराठी प्राथमिक शाळा बंद होत आहेत किंवा दुसऱ्या शाळांत विलीन होत आहेत. त्याची चर्चा होते ती शिक्षक, इमारत आणि माध्यम यांच्या अंगाने. पण अनेक वाड्यांवर त्या शाळेतले कपाट हेच मुलांच्या मराठी पुस्तकांचे एकमेव ठिकाण होते. शाळा हलली, की मुले दुसऱ्या शाळेत जातात. पुस्तकेही तिकडे गेली, तर ती त्या वाड्याला पारखी होतात. मागे राहिली, तर ती उघडणारे कोणी उरत नाही. बंद होणाऱ्या शाळेतील पुस्तके जवळच्या देवळाच्या सभागृहात, पंचायतीत किंवा एखाद्या मंडळाच्या खोलीत वाड्यातच राहू देणे हे खर्चाचे काम नाही. त्यासाठी नोंदवहीतून पुस्तक वजा करण्याची परवानगी तेवढी लागते, आणि सरकारी कामकाजात तीच सर्वांत अवघड वस्तू आहे.

मोठ्यांच्या वाचनाची स्थिती यामानाने बरी. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची, आणि गोव्यातली मराठी दैनिकेही आपापले अंक काढतात. वाचनालयांत ठरावीक वर्गणी भरून सगळे अंक आळीपाळीने नेण्याची पद्धत आहे, त्यामुळे दिवाळीचा फराळ संपला तरी अंक शिगम्यापर्यंत फिरत राहतात. ऐतिहासिक कादंबरीचे आकर्षण ओसरलेले नाही. शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची, पण २०२५ मध्ये तिच्यावरील हिंदी चित्रपट आला आणि कादंबरी पुन्हा तरुणांच्या हाती दिसू लागली. गोव्यातल्या वाचकाला तिच्याशी जोडणारा धागाही आहे. १६८३ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा संभाजी महाराजांच्या फौजेने मोडला आणि पुढे जुव्यावर मराठे उतरले. ही स्थळे त्याच्या रोजच्या येण्याजाण्यातली आहेत. प्रवासात ऐकण्याची श्राव्य पुस्तकेही आता रुळली आहेत. दुसरीकडे नव्या कादंबऱ्यांच्या चोरट्या पीडीएफ प्रती मोबाइलवरून बिनदिक्कत फिरतात, आणि त्या पाठवणाऱ्याला आपण वाचनाचा प्रसार करत आहोत असे वाटते. आधीच लहान आवृत्ती काढणाऱ्या मराठी प्रकाशकाला त्याची किंमत मोजावी लागते.

तरीही गोव्यातले सर्वांत चिवट मराठी वाचन पुस्तकांच्या दुकानात किंवा वाचनालयात दिसत नाही. श्रावणात ज्या घरी पोथी लागते, तिथे एक जण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. श्रीधरांचे हे ग्रंथ अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले, पण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना पुढची ओवी तोंडपाठ असते. भजनी मंडळातला कॉलेजचा विद्यार्थी तुकोबांचा अभंग वहीत उतरवून घेतो. कला अकादमीच्या स्पर्धांनी नाटक आणि भजन या दोहोंना पिढ्यानपिढ्या व्यासपीठ दिले आहे. आणि जत्रेचे नाटक तर गावागावात आहे. वर्षभर मराठीचे एक पान न उलटणारा गॅरेजमधला किंवा हॉटेलातला मुलगा दिवाळीनंतर नाटकाची संहिता हातात घेतो. ती 'रायगडाला जेव्हा जाग येते' असेल, नाहीतर 'मत्स्यगंधा' असेल. मराठी वाचनाच्या कोणत्याही पाहणीत हे वाचन मोजले जाण्याचा संभव कमीच.

या तालमींत पाचवीची पायरी पुन्हा समोर येते. पन्नाशीचा नट पहिल्या बैठकीतच आपली नक्कल सरळ वाचून काढतो. विशीतला नट बुद्धीने किंवा उत्साहाने कमी नसतो. त्याचे उच्चार स्वच्छ असतात, कारण आजीची पोथी त्याच्या कानावर पडलेली असते. संवाद ऐकून तो दोन दिवसांत पाठही करतो. पण समोरचा कागद वाचताना तो 'स्वातंत्र्य', 'राज्याभिषेक', 'कर्तव्य' अशा शब्दांपाशी थबकतो, जसा चौथीत थबकत असे. कारण त्यानंतर मोठ्याने वाचण्याची वेळ त्याच्यावर आलेलीच नसते. दिग्दर्शक पुस्तक खाली ठेवतो, शब्द फोडून सांगतो, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतो आणि वाक्य पहिल्यापासून वाचायला सांगतो. तालीम देवळाच्या मंडपात चालू असते, आणि पाचवी-सहावीतली दोन-चार मुले कठड्यावर बसून ती ऐकत असतात.